दहापैकी सहा

रेघोबांचा पहिली दोन वर्षं मला मनापासून राग यायचा. आधीच माझा स्वभाव तापट, त्यात हा माणूस कधी आवाज चढवायचा नाही, आणि समोरचा आवाज चढवत नसला की माझ्यासारखीची फार पंचाईत होते. भांडायला हाताशी काही लागतच नाही.

रेघोबा हे अर्थातच खरं नाव नव्हे. ऑफिसातल्या कुणा टारगटाने ते ठेवलं आणि ते इतकं चपखल बसलं की हजेरी बघणाऱ्या बाईंनाही खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागे. तोंडावर आम्ही सगळे ‘सर’ म्हणायचो. पाठीमागचं नाव त्यांना ठाऊक होतं. एकदा मीच त्यांना दारात ‘अरे, रेघोबा गेले का?’ असं विचारून बसले होते, कारण दिवे गेले होते आणि अंधारात मला ते दिसले नाहीत. ‘नाही, आहेत अजून,’ असं ते शांतपणे म्हणाले.

आमचं ऑफिस शहराच्या पाण्याचं. टाक्या, पंप, मोठ्या नळवाहिन्या, सगळीकडे यंत्रं बसवलेली आहेत आणि ती दर पंधरा मिनिटांनी आकडा पाठवतात: टाकीत पाणी किती, नळाला दाब किती. दिवसभराचे आकडे एकत्र झाले की माणसाचा हात न लागता त्यांच्या चाचण्या होतात. किती आकडे आलेच नाहीत? एकच आकडा दोनदा आला का? टाकीच्या उंचीपेक्षा पाणी उंच दाखवलंय का? चाचणी पास झाली की हिरवी खूण आणि तक्ता पुढे जातो. नापास झाली की लाल, तक्ता अडतो, आणि यंत्र दुरुस्त करायला माणूस जातो. पण पास कधी म्हणायचं आणि नापास कधी? शंभरात एक आकडा गळला तर चालेल, की तीन, की पाच? ती रेघ आखणं हे रेघोबांचं काम. गेली अकरा वर्षं या माणसाने दुसरं काही केलेलं नाही.

ऐकायला किरकोळ वाटतं. मलाही वाटलं होतं. रेघ फार कडक ठेवली तर रोज लाल दिसतं, आणि रोज दिसणाऱ्या लालकडे कुणी ढुंकून बघत नाही. लांडगा आला रे आला होऊन जातं. सैल ठेवली तर सगळं हिरवंगार, आणि पाणी कुठे मुरतंय त्याचा पत्ता नाही. रेघोबा एकेका रेघेसाठी तीन-तीन महिन्यांचे आकडे चाळायचे, आणि मग आकडे वापरणाऱ्या माणसाला जाऊन विचारायचे, ‘किती चुकलं तर तुझं काम अडतं?’ मगच रेघ पडायची. आणि एकदा पडली की पडली. निकाल बघून रेघ हलवायची नाही, हा त्यांचा पहिला नियम. हलवायचीच वेळ आली तर कारण, तारीख, स्वतःचं नाव, आणि दुसऱ्या एका माणसाने तपासून केलेली सही. हे सगळं संगणकात नोंदलं जायचंच. तरी ते शिवाय एक लांबट जाड वही ठेवायचे. तिला आम्ही चित्रगुप्ताची वही म्हणायचो.

दुसऱ्या वर्षी मी एक पाप केलं. शुक्रवार होता, साहेबांना संध्याकाळपर्यंत तक्ता हवा होता, आणि टेकडीवरच्या टाकीचे आकडे शंभरात साडेतीनच्या आत-बाहेर गळत होते. रेघ तीनवर. मी तीनचे चार केले. कुणाला विचारलं नाही, कारण लिहिलं नाही. हिरवी खूण आली, तक्ता गेला, मी वेळेवर घरी गेले आणि झोपही छान लागली.

सोमवारी रेघोबा माझ्या टेबलापाशी आले. मी मनात सगळी उत्तरं तयार करून ठेवली होती. ते म्हणाले, ‘चल, जरा टेकडीवर जाऊन येऊ.’

ऑफिसच्या गाडीत ते ड्रायव्हरशेजारी बसले होते आणि मान मागे वळवून माझ्याशी बोलत होते, पण रेघेबद्दल एक अक्षर नाही. आपल्या बायकोबद्दल बोलले. ती गणिताची शिक्षिका. सगळी गल्ली तिला ‘बाई’ म्हणायची, आणि घरात तेही बाईच म्हणायचे. ‘हिने आयुष्यात कुणाला ग्रेस मार्क दिले नाहीत,’ ते म्हणाले. ‘आमची लेक हिच्याच वर्गात होती. एका मार्काने राहिली. मी म्हटलं, अगं, एक तर मार्क. ही म्हणते, एक असो की दहा, मी माझ्या पोरीला दिला तर उद्या दुसऱ्यांच्या आयांना काय तोंड दाखवू? लेक सहा महिने आईशी बोलत नव्हती.’ असं म्हणून ते हसले. त्या हसण्यात एवढा अभिमान होता की मलाच लाजल्यासारखं झालं.

टाकीपाशी पाणी सोडणारा चावीवाला होता. त्याला रेघोबांनी तोच प्रश्न विचारला. तो म्हणाला, ‘साहेब, दाबाचा आकडा आला की मी चावी किती फिरवायची ते बघतो. नाही आला की अंदाजपंचे. अंदाज चुकला की वरच्या गल्लीला पाणी चढत नाही.’ मग आम्ही वरच्या गल्लीत गेलो. शुक्रवारी आणि शनिवारी तिथे पाणी चढलं नव्हतं. एक म्हातारी दोन मजले बादल्या चढवून दमली होती आणि तिसरी बादली जिन्यात सांडली होती, हे तिने आम्हाला चांगलं पाच मिनिटं सुनावलं. रेघोबांनी सगळं ऐकून घेतलं. परत येताना एवढंच म्हणाले, ‘रेघ आखताना कागदाकडे बघून चालत नाही. चुकीची झळ कुणाला बसते ते आधी बघायचं.’

रेघ पुन्हा तीनवर आली, सगळं लाल झालं, साहेबांनी आकाशपाताळ एक केलं. रेघोबांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं. माझं नाव वहीत आलं, पण साहेबांच्या कानावर गेलं नाही. त्या दिवसापासून माझा राग गेला. छळ चालूच राहिला, पण राग गेला.

त्यानंतर वर्षाच्या आत बाईंना विसरायला व्हायला लागलं. आधी चष्मा, किल्ल्या. ते तर माझंही होतं. मग शेजारणीचं नाव. मग एक दिवस शाळेच्या वाटेवर त्या उभ्याच राहिल्या, कुठे वळायचं ते सुचेना. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि तो फक्त पुढेच जातो, मागे येत नाही, हेही सांगितलं. हे आम्हाला ऑफिसात तुकड्या-तुकड्यांनी कळलं. रेघोबा ताकास तूर लागू देत नव्हते. फक्त चार वाजले की उठायचे. घरी दिवसभर बाईंपाशी एक मावशी असायच्या, त्या सव्वाचारला जायच्या.

सात महिन्यांपूर्वीची गोष्ट. दुपारी डबे उघडून बसलो होतो. रेघोबांनी मला विचारलं, ‘समज, एखाद्या चाचणीची मर्यादा कुणी वर्षात तीनदा खाली आणली. दरवेळी कारण खरं होतं. तर त्या चाचणीला काय म्हणशील?’

मला वाटलं, माझी परीक्षा घेतायत. मी तोंडात घास असतानाच म्हटलं, ‘ती चाचणी नव्हेच, सर. ती समजूत. हे तुमचंच वाक्य, मला शिकवलेलं.’ आणि वर हसत जोडलं, ‘कुणी केलं हे? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण?’

ते ‘बरोबर आहे’ म्हणाले आणि त्यांनी डबा बंद केला. अर्धा भरलेला होता. माझ्या ते लक्षात आलं, पण मी विचारलं नाही. आपण तोंड उघडायला नको तेव्हा उघडतो आणि उघडायला हवं तेव्हा घास चावत बसतो.

गेल्या महिन्यात ते सलग दहा दिवस आले नाहीत. अकरा वर्षांत असं झालं नव्हतं. त्यांच्या सहीवाचून सहा रेघा अडून बसल्या होत्या. साहेबांनी मला कागद घेऊन त्यांच्या घरी पिटाळलं.

टपाल कचेरीच्या मागची गल्ली, सत्तावीस नंबर, दुसरा मजला. जिन्याची चौथी पायरी तुटलेली होती, तिला ठेचकाळून मी पायाचं नख दुखावून घेतलं आणि मनातल्या मनात त्यांना दोन शब्द बोलूनही घेतलं. दार त्यांनीच उघडलं. दाढी वाढली होती. घर लख्ख आवरलेलं होतं, इतकं की बघवत नव्हतं. प्रत्येक दारावर, कपाटावर मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या: ‘बाथरूम’, ‘कपडे’, ‘हे दार बाहेरचं’. खुंटीवर बायकी छत्री.

‘बाई?’ मी विचारलं.

‘तिकडे नेलं तिला. आठ दिवस झाले.’

तिकडे म्हणजे शहराच्या टोकाला अशा माणसांसाठी एक निवास आहे, तिथे. मी सांत्वनाचं काहीतरी बोलणार होते. त्यांनी हाताने थांबवलं आणि टेबलावरची वही माझ्यापुढे सरकवली. ऑफिसातल्यासारखीच, लांबट आणि जाड.

‘तपासून दे,’ ते म्हणाले. ‘घरी सगळं केलं, पण दुसरा माणूस नव्हता तपासायला.’

पहिल्या पानावर फळ्यावरचं असावं तसं स्वच्छ, ठसठशीत अक्षर होतं. बाईंचं. ‘रोज सकाळी चहानंतर दहा प्रश्न. दहापैकी सहाच्या खाली सलग तीन दिवस गेले, की मला तिकडे न्यायचं. ग्रेस नाही. रडायचं नाही, दोघांनीही.’ खाली तारीख आणि दोघांच्या सह्या.

‘हे तिनेच ठरवलं,’ रेघोबा म्हणाले. ‘डॉक्टरकडून आल्यावर महिन्याने. आम्ही दोघं जाऊन ती जागा बघून आलो होतो. एक शिवणकाम करणारी बाई होती, ती पण तेव्हा बघायलाच आलेली. दोघींचं असं जमलं की हिने झाडासमोरची खोली पसंत केली आणि तिने तिच्या शेजारची. येताना ही मला म्हणाली, अहो, माझं डोकं जाग्यावर आहे तोवर मला इथे आणा. खोली कुठली, जेवणघर कुठे, सगळं पाठ करून घेते. एकदा पाठ केलेलं माझं जात नाही. कळेनासं झाल्यावर आणलंत, तर ही जागा मला कायमची परकी राहील.’

मी पान उलटलं.

दहा प्रश्न होते. आज वार कुठला, महिना कुठला, घराचा पत्ता, लेकीचं नाव, सात आठे किती, असे. दहावा प्रश्न: समोर कोण बसलंय? प्रत्येक दिवसाचं एक पान, प्रत्येक प्रश्नापुढे बाईंचं उत्तर जसंच्या तसं. पहिलं वर्षभर नऊ, आठ, नऊ. काही उत्तरं गमतीची होती. समोर कोण बसलंय? ‘चहात साखर विसरलेला माणूस.’ पुढे बरोबरची खूण आणि रेघोबांच्या अक्षरात: ‘खरंच विसरलो होतो.’ मग सात. मग सात-सहा, सहा-सात. आणि एका उन्हाळ्यात पाच, पाच, पुन्हा पाच.

त्या तिसऱ्या पाचच्या खाली पहिली नोंद होती. ‘सलग तीन दिवसांऐवजी सात दिवस. कारण: सर्दी, ताप, दोन दिवस झोप नाही.’ तारीख, नाव. दुसऱ्या माणसाच्या सहीची जागा कोरी.

अडीच महिन्यांनी: ‘सहाऐवजी पाच. कारण: लेक येऊन गेली, त्या गडबडीने गोंधळली आहे.’

मग त्यांनी प्रश्नालाच हात घातला. ‘वार विचारणं बंद. घरी बसलेल्या माणसाला वाराचं काय काम? त्याऐवजी नवाचा पाढा.’ पुढे: ‘महिना बंद. त्याऐवजी तेराचा पाढा.’ बाईंचे पाढे शेवटपर्यंत शाबूत होते. पत्ता जमत नव्हता, लेकीचं नाव हरवलं होतं, पण तेरा साते विचारलं की एक्याण्णव. तीन प्रश्न पाढ्यांचे झाले, आणि तीन मार्क पक्के झाले.

मला आधी राग आला, खोटं कशाला सांगू? टेकडीवरच्या टाकीसाठी मला वरच्या गल्लीत नेऊन म्हातारीच्या शिव्या खायला लावणारा हा माणूस! आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा, हे अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात एक तारीख दिसली. ज्या दुपारी त्यांनी मला विचारलं होतं आणि मी घास चावत हसले होते, तो दिवस. तिथे लिहिलं होतं: ‘आज ऑफिसात विचारलं. स्पष्ट उत्तर मिळालं. तरीही पाचऐवजी चार. कारण: नाही.’

कारण नाही. अकरा वर्षांत त्यांनी कारणाशिवाय रेघ हलवल्याचं ते एकच उदाहरण. मी बरोबर बोलले होते, आणि बरोबर असल्याचं मला आयुष्यात कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या पानांवर दहाव्या प्रश्नाचं उत्तर बदललेलं होतं. समोर कोण बसलंय? ‘माहीत नाही.’ आणि पुढे बरोबरची खूण. नोंदीत लिहिलं होतं: ‘माहीत नाही हे खरं उत्तर आहे. तिने खोटं सांगितलेलं नाही. मार्क द्यायला हवा.’ पुढच्या दिवशी ‘माहीत नाही’, खूण. पुढच्या दिवशी तेच. पाढ्यांचे तीन आणि हा एक. चार मार्क पडायचेच पडायचे. त्या चाचणीत नापास व्हायची सोयच उरली नव्हती. आणि लेकीला ते रोज संध्याकाळी फोनवर सांगत, आज पास.

‘मला बरेच दिवस वाटत होतं, प्रश्न विचारला की गोंधळते एवढंच,’ रेघोबा म्हणाले. ‘एरवी दिवसभर अहो, जरा इकडे या, अहो, चहा घेता का, असं चालायचं. मग एकदा दूधवाल्यालाही तशीच अहो म्हणताना ऐकलं.’

शेवटची नोंद अकरा दिवसांपूर्वीची होती. ‘चार. पास.’ त्याखाली अक्षर बिघडलेलं. ‘नंतर बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. दोन तास.’

‘आतून रडत होती,’ ते म्हणाले. ‘म्हणत होती, घरात कुणी परका माणूस शिरलाय, रोज येऊन बसतो, काहीबाही विचारतो. मी बाहेरून सांगतोय, अगं, मी आहे. मी म्हटलं की ती आणखीनच घाबरायची. शेवटी मी जिना उतरून खाली रस्त्यावर जाऊन उभा राहिलो. मावशी आल्या, त्यांनी बोलावलं, तेव्हा बाहेर आली. गारठली होती गं. ओल्या फरशीवर बसून राहिली होती दोन तास.’

मग ते म्हणाले, ‘हिला काय आठवतं एवढंच मी विचारत राहिलो. हिला भीती वाटते का, हे दहा प्रश्नांत कुठे नव्हतंच. तुला टेकडीवर घेऊन गेलो होतो ना मी, झळ कुणाला ते बघायला.’

मी वही मिटायला गेले.

‘आता जुन्या रेघेने काढून दे,’ ते म्हणाले. ‘सहा, सलग तीन दिवस. उशीर किती झाला?’

काढण्यासारखं काही नव्हतं. त्या उन्हाळ्यातल्या तिसऱ्या पाचपासून दिवस मोजायचे, एवढंच. मी मोजले. पुन्हा मोजले. मग ते पान पुन्हा उघडलं आणि म्हटलं, ‘सर, त्या तिसऱ्या दिवशी त्यांनी बुधवारला मंगळवार म्हटलंय. एकाच दिवसाची चूक. तो मार्क धरला तर सहा होतात. मग तिथे नापास होत नाही, पुढे सरकतं...’

त्यांनी माझ्याकडे बघितलं. दहा दिवसांत पहिल्यांदाच बहुतेक ते हसले असतील.

‘ग्रेस देतेयस.’

‘चौदा महिने,’ मी म्हटलं. ‘चौदा महिने आणि नऊ दिवस.’

‘मलाही तेवढेच आले.’

त्यांनी वही घेतली, शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, ‘मर्यादा पुन्हा सहा,’ तारीख घातली, नाव घातलं, आणि माझ्यापुढे धरली. दुसऱ्या माणसाच्या जागेवर मी सही केली. बाईंनी लिहिलेला चौथा नियम आम्ही दोघांनीही तिथे मोडला.

चार वाजता ते म्हणाले, ‘चल, येतेस?’

निवास स्वच्छ होता, माणसं चांगली होती. तिथे बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून जास्त त्रास झाला. झाडासमोरची खोली केव्हाच दुसऱ्या कुणाला गेली होती. बाईंना मागची मिळाली होती. तिथली परिचारिका आम्हाला व्हरांड्यातून नेताना सांगत होती, ‘रोज नवीन असतं त्यांना. सकाळी जेवणघर दाखवावं लागतं, दुपारी पुन्हा दाखवावं लागतं. कुणाशी बोलत नाहीत. पिशवी भरून दारापाशी बसतात.’

तेवढ्यात समोरून एक बाई एकटीच चालत आली. परिचारिका म्हणाली, ‘ह्या शिवणकाम करायच्या. ह्या आल्या त्याला झालं सव्वा वर्ष. आता स्वतःचं नावही सांगता येत नाही, पण बघा.’ ती बाई आमच्याकडे न बघता कोपऱ्यावर वळली, दोन दारं सोडली आणि तिसऱ्या दाराने जेवणघरात गेली. आपल्या खुर्चीवर जाऊन बसली.

रेघोबा ती गेली त्या दाराकडे बघत उभे राहिले. मी त्यांच्या कोपराला धरलं.

बाई मुख्य दाराजवळच्या बाकावर होत्या. नीट विंचरलेले केस, मांडीवर पिशवी, पिशवीच्या बंदाला हाताचे दोन वेढे. रेघोबा त्यांच्या शेजारी बसले, पण मधे एका माणसाची जागा सोडून. घाबरू नयेत म्हणून. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर भीती नव्हती. ओळखही नव्हती.

‘अहो,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही शहरात चाललात का? मला वाटेत घरी सोडाल?’

रेघोबा म्हणाले, ‘सोडेन की. कुठे राहता?’

वर्षभरात त्या प्रश्नाला एकदाही मार्क मिळाला नव्हता, हे मी तासापूर्वीच वाचलं होतं.

‘टपाल कचेरीच्या मागची गल्ली,’ बाई म्हणाल्या, वर्गात सांगावं तसं, स्पष्ट. ‘सत्तावीस नंबर, दुसरा मजला. जिन्याची चौथी पायरी तुटलीय, जपून चढा. जरा लवकर निघू या हं. आमचे हे सव्वाचारला घरी येतात. मी दिसले नाही की फार कासावीस होतात.’

‘हो,’ रेघोबा म्हणाले. ‘होतात.’